स्विच २ : मेहुण्याच्या बॅगेतून आत्ताच मागवू, की थांबू?

परळकर | १८ मे २०२५, रात्री ११:५२

मंडळी, ५ जूनला निन्टेन्डोचा स्विच २ हा नवा गेमिंग कन्सोल येतोय. आपल्याकडे अर्थातच नाही, कारण ही कंपनी भारतात अधिकृतपणे काही विकतच नाही. पण बायकोचा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सहकुटुंब येतोय. "येताना काही आणू का?" असं त्याने आपणहून विचारलंय. असं विचारणारा मेहुणा रोज रोज मिळत नाही, म्हणून घाईघाईने हा धागा.

घरची परिस्थिती अशी. पहिल्या पिढीचा स्विच आहे, धडधाकट आहे. टीव्ही एकच, हॉलमध्ये, आणि संध्याकाळी सात ते साडेदहा त्यावर आईच्या मालिका. त्यामुळे प्लेस्टेशन आणलं तर शोकेसमध्ये ठेवून बघत बसावं लागेल. हातात धरून कोपऱ्यात खेळता येतं म्हणून स्विच. खेळणारे दोघं, मी आणि सहावीतले चिरंजीव. बजेट पंचेचाळीस हजार, तेही ताणून.

लाँचलाच घेऊन टाकू की वर्ष-दीड वर्ष थांबू? बायकोचं म्हणणं "आहे तो चालतोय ना?" यावर माझ्याकडे सध्या तरी उत्तर नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बिनधास्त_बंड्या | १९ मे, सकाळी ८:१०

आईंना आतल्या खोलीत बत्तीस इंची टीव्ही घेऊन द्या आणि हॉलमध्ये पीएस ५ (प्लेस्टेशन ५) लावा. सगळे सुखी. हलके घ्या.

परळकर | १९ मे, सकाळी ८:२५

आतली खोली म्हणजे स्वयंपाकघर. पुढे बोला.

सई_के | १९ मे, दुपारी १:३०

आधी हिशोब मांडू, मग घ्यायचं की नाही ते बोलू.

नुसतं मशीन ४४९.९९ डॉलर. न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के, म्हणजे साधारण ४८० डॉलर. सध्याच्या दराने ४१ हजार. मारिओ कार्ट वर्ल्डसकट बंडल ४९९.९९ चं आहे, टॅक्स धरून ५३३, म्हणजे साडेपंचेचाळीसच्या आसपास.

कस्टमचं म्हणाल तर सध्या (मे २०२५) लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे ५०,००० रुपयांपर्यंतच्या सामानावर ड्यूटी नाही, त्यापुढच्या रकमेवर ३८.५ टक्के. दोन्ही पर्याय मर्यादेत बसतात. पण ती मर्यादा एका माणसाच्या सगळ्या सामानाची मिळून असते, आणि दोघा-तिघांची एकत्र करून एका वस्तूला लावता येत नाही. तेव्हा मेहुणे त्याच नावावर बाकी नातेवाइकांसाठी फोन आणि घड्याळं आणत असतील तर आधी विचारून घ्या. बिल जवळ ठेवायला सांगा आणि मशीन केबिन बॅगेतच, आत लिथियम बॅटरी असते.

चार्जरची काळजी नको, तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो. फक्त पिन बदलायला अडॅप्टर लागेल, तो कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

रेट्रो_रम्या | १९ मे, रात्री १०:०५

सईताईंनी पैशाचं काम केलं, मी जरा इतिहास उगाळतो. वय झालं की तेच उरतं. (आमची सुरुवात '९९९९ इन १' कॅसेटवाल्या नकली मशीनवर. त्यातले गेम प्रत्यक्षात पंधरा-वीस, बाकी सगळी तीच तीच नावं फिरून फिरून.)

'थांबलं की स्वस्त होतं' हे आपल्या डोक्यात घट्ट बसलंय आणि एके काळी ते खरंही होतं. पीएस ३ अमेरिकेत २००६ साली ५९९ डॉलरला आला. २००९ मध्ये स्लिम आला तो २९९ ला. त्याहून मोठा फटका निन्टेन्डोचा हातात धरायचा ३डीएस घेणाऱ्यांना. मार्च २०११ मध्ये तिकडे २४९.९९ ला विकायला ठेवला आणि ऑगस्टमध्ये निन्टेन्डोने थेट १६९.९९ वर आणला. पाच महिन्यांत ऐंशी डॉलर! आधी रांगा लावलेल्यांची समजूत काढायला वीस जुने गेम फुकट दिले आणि त्यांना 'अँबॅसडर' अशी पदवीही दिली. आपल्याकडे अशा वेळी शाल-श्रीफळ देतात.

पण अलीकडे गंगा उलटी वाहते. पीएस ५ जगात नोव्हेंबर २०२० ला आला, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० ला. प्री-बुकिंग १२ जानेवारीला दुपारी बारा वाजता उघडलं आणि काही मिनिटांत संपलं. जे 'नंतर बघू' म्हणाले त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२२ पासून तोच ५४,९९० झाला. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सीरीज एक्स अमेरिकेत याच महिन्यात ४९९ वरून ५९९ वर गेलाय. मूळ स्विच २०१७ साली २९९ ला आला, मे २०२५ मध्ये, आठ वर्षांनीही २९९ च. आणि स्विच २ चं अमेरिकेतलं प्री-बुकिंग टॅरिफच्या (आयात शुल्काच्या) गोंधळात ९ एप्रिलचं २४ एप्रिलला ढकललं होतं हे विसरू नका. या वातावरणात किंमत उतरेल असं मला तरी वाटत नाही. मधूनमधून सेल लागतात हे खरं. २०२३ च्या जुलैत पीएस ५ वर साडेसात हजारांची सूट होती. पण ते सोनीचं, कारण सोनी इथे विकते. निन्टेन्डोची इथे ना शोरूम ना दिवाळी ऑफर.

तेव्हा स्वस्त होईल म्हणून थांबू नका. थांबायचंच तर मशीन सुधारेल म्हणून थांबा. मूळ स्विचची बॅटरी अडीच ते साडेसहा तास होती. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच किमतीत, त्याच रूपात साडेचार ते नऊ तासांचं मॉडेल आलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ओएलईडी पडद्याचं. आता स्विच २ ची बॅटरी कंपनीच्याच आकड्यांत दोन ते साडेसहा तास आणि पडदा ७.९ इंची एलसीडी. पुढेमागे याचीही सुधारित आवृत्ती निघेल असा माझा कयास.

शेवटचं. पहिल्या लॉटचं मशीन म्हणजे धाकधूक असतेच. एक्सबॉक्स ३६० बिघडला की पेटणारे ते लाल दिवे आठवा. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यापायी एक अब्जाहून जास्त डॉलरची तरतूद करावी लागली. तिथल्या गिऱ्हाईकाचं दुखणं कंपनीने निस्तरलं. परळमध्ये तुमचं कोण निस्तरणार, एवढंच आधी ठरवा. बाकी बॅटरी, पडदा वगैरे चर्चा चहाबरोबर करायच्या.

बिनधास्त_बंड्या | १९ मे, रात्री १०:३१

काका, अँबॅसडर झालेले तुम्ही तर नव्हे?

रेट्रो_रम्या | १९ मे, रात्री १०:४०

नाही रे. तेव्हा घराचे हप्ते चालू होते.

तोक्योतला_मराठी | २० मे, पहाटे ५:१५

इकडची एक धोक्याची सूचना. जपानमध्ये स्विच २ ची किंमत ४९,९८० येन, म्हणजे तीस हजार रुपयांच्या आत-बाहेर. ऐकून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. पण ही आवृत्ती फक्त जपानी भाषेत चालते आणि तिला जपानचंच अकाउंट जोडता येतं. सगळ्या भाषांची आवृत्ती ६९,९८० येनला आहे आणि ती फक्त कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात. त्यासाठी सोडत होती. आधीच्या स्विचवर किमान पन्नास तास खेळलेलं हवं आणि ऑनलाइन सदस्यत्व वर्षभराचं हवं, अशा अटी. तरीही २२ लाख अर्ज आले. मी त्यातलाच एक, नंबर लागला नाही.

मुद्दा असा की उद्या मुंबईत कुणी 'बाजारभावापेक्षा बरंच कमी' म्हणून पेटी पुढे केली तर आधी ती कुठल्या भाषेची आहे ते विचारा. अमेरिकेहून येणार असेल तर ही भानगड नाही.

ओवीची_आई | २० मे, सकाळी ११:००

सगळे पैशाचं आणि बॅटरीचं बोलताय. मुलगा सहावीत आहे, जुलैत घटक चाचणी असते. नवीन खेळणं घरात आलं की पुस्तकाला कोण हात लावणार? मला विचाराल तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबा.

परळकर | २० मे, सकाळी ११:२०

ताई, ती जबाबदारी माझी. फोनवरून वेळेची मर्यादा घालता येते, जुन्या मशीनवर तेच करतो. वेळ संपली की सूचना येते, आणि त्याच्यापेक्षा मीच जास्त चिडतो.

परळकर | २५ मे, रात्री ९:४५

रम्याकाकांचा शेवटचा प्रश्न डोक्यात घोळत होता म्हणून काल ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडची फेरी मारली. एका दुकानात मशीन बाजारात यायच्या आधीच भाव तयार होता.

"साठ के आसपास पकड़ो. शुरू में और ऊपर जाएगा."
"वॉरंटी?"
"अपना सात दिन का. डब्बा खोलके यहीं चेक करो, बाद में हम नहीं जानते."
"बिल?"
"बिल चाहिए तो टॅक्स अलग से लगेगा."

हे सगळं तो शेजारच्या गिऱ्हाईकाला मोबाइलचं कव्हर दाखवता दाखवता बोलत होता, माझ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी म्हटलं, अमेरिकेहून आणलं आणि बिघडलं तर दुरुस्त कराल का? त्यावर "पार्ट आएगा तो करेंगे" आणि पुन्हा कव्हर.

म्हणजे दुकान रद्द. आता प्रश्न एवढाच, की मेहुणा की थांबणं.

सई_के | २५ मे, रात्री १०:१०

मेहुणे परत कधी जाणार आहेत?

परळकर | २५ मे, रात्री १०:१२

२९ जुलै. का?

सई_के | २५ मे, रात्री १०:३५

मग तुमची वॉरंटी त्या परतीच्या तिकिटावर आहे. कंपनीची वॉरंटी बारा महिन्यांची, पण ती तिकडे. इथून मशीन कुरियरने पाठवायचं तर खर्च, कागदपत्रं आणि परत येताना पुन्हा कस्टम. कुणी करत नाही. पण जाणारा माणूस घरात असेल तर ते त्याच्याबरोबर जाऊ शकतं.

म्हणून माझ्या मते जूनमध्ये जेव्हा दुकानात मिळेल तेव्हा लगेच घ्यायला सांगा, निघायच्या आदल्या दिवशी नको. आठ-पंधरा दिवस तिथेच खेळू दे त्यांच्या मुलांना. मुळात खोट असेल तर ते तिथल्या तिथे बदलून आणतील. मग जुलैभर तुम्ही बापलेक त्याला दामटा. टीव्हीला जोडून, हातात धरून, चार्जिंगला लावून, सगळ्या तऱ्हेने. काही निघालंच तर २९ ला त्यांच्या बॅगेत.

वर्षभर थांबलात तर कदाचित मशीन बरं मिळेल, पण आणणारा कोण आणि परत नेणारा कोण? ते दोन्ही एकाच महिन्यात जुळून येणं तुमच्या हातात नाही.

रेट्रो_रम्या | २५ मे, रात्री ११:०२

हे मला सुचायला हवं होतं. सईताईंना सलाम. माझं 'सुधारित मॉडेलची वाट बघा' हे अधिकृत विक्री असलेल्या देशातलं शहाणपण झालं. परळकरांच्या बाबतीत मी मत बदलतो.

बिनधास्त_बंड्या | २५ मे, रात्री ११:०८

काकांनी मत बदललं! धाग्याची वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

बरं, पण खेळणार काय? नवीन म्हणावा असा मोठा गेम एक मारिओ कार्ट. तो सुटा घेतला तर ७९.९९ डॉलर, म्हणजे जवळपास सात हजार. एका गेमला! पीएस ५ चे ४,९९९ बघून मी रडायचो.

परळकर | २५ मे, रात्री ११:२०

आमच्याकडे जुन्या स्विचच्या बऱ्याच कार्ट्रिज आहेत, त्यातल्या बहुतेक सगळ्या चालतील. झेल्डाचे दोन्ही गेम अर्धवट सोडलेत, त्यांची सुधारित आवृत्ती प्रत्येकी दहा डॉलर देऊन मिळते. मारिओ ओडिसीला तर अपडेट फुकट येणार म्हणतात. शिवाय १७ जुलैला डाँकी काँगचा नवा येतोय. बापलेकांना वर्षभर पुरेल एवढं आहे.

लॅमिंग्टन_वारीकर | १४ जून, रात्री ८:३०

उशिरा आलो, माफी. मी हौसेने आणि थोडं पोटासाठी कन्सोल दुरुस्तीची कामं करतो. मशीन बाजारात आलंय, पहिल्या चार दिवसांत जगभरात ३५ लाख खपले असं कंपनीने जाहीर केलंय. आता दुरुस्तीवाल्याच्या नजरेतून थोडं.

यंत्रं उघडून दुरुस्तीचे गुण देणाऱ्या आयफिक्सिटने उघडून पाहिलं आणि दुरुस्तीसाठी दहापैकी तीन दिले. बॅटरी चिकटवून बसवलेली. मेमरी बोर्डावर सोल्डर केलेली. जॉयस्टिक जुन्याच पद्धतीच्या, घासून झिजणाऱ्या. ज्या हॉल इफेक्टच्या (चुंबकावर चालणाऱ्या) स्टिक झिजत नाहीत त्या यात नाहीत, त्यामुळे ड्रिफ्टचं (स्टिकला हात न लावता खेळाडू आपोआप सरकण्याचं) जुनं भूत पुन्हा येऊ शकतं. यातलं काही आठवड्याभरात बिघडत नाही, पण दोन-तीन वर्षांनी काय, हे मनात धरूनच घ्या. तोवर पार्ट येतील. मूळ स्विचचेही सुरुवातीला मिळत नव्हते, आता हव्या त्या स्टिक मिळतात.

आणखी काही कामाचं. घरातलं जुनं मेमरी कार्ड यात गेमसाठी चालणार नाही, मायक्रोएसडी एक्स्प्रेस प्रकारचंच लागतं. आत २५६ जीबी आहे, तेव्हा लगेच नको. पण पुढे इथे शोधत बसण्यापेक्षा मेहुण्याला किंमत विचारून ठेवा. काही गेमच्या कार्ट्रिजमध्ये गेम नसतोच, फक्त चावी असते, बाकी सगळं डाउनलोड. पेटीवर खाली तसं छापलेलं असतं, वाचून घ्या. जुने गेम चालायलाही मशीन एकदा अपडेट करावं लागतं, ते एडिसनच्या वायफायवरच होऊ दे. मुलांनी तिथे खेळून झालं की रिसेट करून आणायला सांगा. जुन्या स्विचवरचा सगळा डेटा मग इथे, दोन्ही मशीन शेजारी ठेवून, नव्याने सेटअप करताना घ्या.

'सगळे गेम टाकून देतो' म्हणणाऱ्यापासून मात्र चार हात लांब. मे महिन्यात कंपनीने करार बदललाय, गडबड दिसली तर मशीनच निकामी करण्याचा हक्क त्यांनी लिहून ठेवलाय. नकली कार्ट्रिज घातलेले स्विच २ ऑनलाइनमधून बाद व्हायला सुरुवातही झाली आहे. सेकंडहँड घेताना हे आता सगळ्यात आधी तपासायचं.

आणि डॉक (टीव्हीला जोडायचा स्टँड) टीव्हीमागच्या बंद कपाटात कोंबू नका. उबेला झुरळं जातात. जुने कन्सोल उघडल्यावर पंख्याखाली काय काय सापडतं ते जेवणाच्या वेळी सांगण्यासारखं नाही.

ओवीची_आई | १४ जून, रात्री ८:४४

ई!! मी आत्ताच जेवायला बसले होते.

परळकर | १६ जून, रात्री १०:५०

निर्णय झाला. मेहुण्याला परवा एका दुकानात बंडल मिळालं आणि त्याने उचललं. बजेटच्या चार-पाचशे वर गेलं, तेवढं चालवून घेतलंय. बंडलमधला मारिओ कार्ट म्हणजे कार्ट्रिज नसून डाउनलोडचा कोड आहे, म्हणजे पुढे विकता येणार नाही. पण सुट्या किमतीपेक्षा तीस डॉलर वाचतात आणि तो गेम आमच्याकडे विकला जाणार नव्हताच. कोड वापरू नको, तसाच आण, असं त्याला दोनदा बजावलंय. मेमरी कार्ड सध्या नाही.

त्याची दोन्ही मुलं शाळेतून आल्यापासून त्यावरच असतात म्हणे. मेहुणा म्हणतो, "टेस्टिंग जोरात चालू आहे, परत मिळेल याची खात्री देत नाही."

बायकोला सईताईंचं परतीच्या तिकिटाचं गणित सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग जुना विकून टाक, दोन-दोन कशाला?" तर जुना स्विच विकायचा आहे. डॉक, चार्जर, दोन्ही जॉयकॉन (कडेचे कंट्रोलर) सगळं आहे. डेटा नव्यावर गेला की जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात देऊ शकेन.

लॅमिंग्टन_वारीकर | १६ जून, रात्री ११:०५

देण्याआधी अकाउंट काढून पूर्ण रिसेट करा. घेणाऱ्याला समोर ऑनलाइन जोडून दाखवा, म्हणजे मशीन बाद झालेलं नाही हे त्यालाही कळेल.

ओवीची_आई | १६ जून, रात्री ११:१८

कितीला देणार? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

बिनधास्त_बंड्या | १६ जून, रात्री ११:१९

घटक चाचणी???

ओवीची_आई | १६ जून, रात्री ११:२५

ओवी तिसरीत आहे. आणि मला हवाय.